मांडणी हलवल्यामुळे रद्द

तू मंगळवारी सकाळी गेलीस. अकरा वाजता कॉलेजात फोन आला. मी हातातली वही मिटली आणि दवाखान्यात गेले.

शोकसभा शनिवारी झाली. तुला ती आवडली असती, कुमुद, आणि तुझ्याविषयी याहून वाईट मला काही सांगता येणार नाही. मंचावर सात जण बसले होते. त्यांतल्या पाच जणांनी आपल्या प्राणिगृहात कधी पाऊल टाकलं नव्हतं, कारण तिथे वास येतो. एकाने सांगितलं की तू आयुष्यभर सशांवर संशोधन केलंस. दुसऱ्याने घाईघाईने दुरुस्ती केली, गिनिपिगवर. हार घातलेल्या फोटोसमोर उंदीर हा शब्द कुणाच्या तोंडून निघेना. मग तुझ्या त्या शोधनिबंधाचं कौतुक झालं, न वाचलेल्या गोष्टीचं होतं तसं, भरभरून. शेवटी दोन मिनिटं उभं राहणं झालं, चहा झाला, चिवडा झाला. चिवडा बरा होता.

आता विभागाला तुझी स्मरणिका काढायची आहे. माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत, सर्वांत जुनी सहकारी म्हणून. तो निबंध सुरुवातीलाच पुन्हा छापणार आहेत. त्यावर तुझ्या नावाखाली माझं नाव आहे. आणि त्या निबंधापायी जिला संशोधन सोडावं लागलं ती शोभा खाप्याच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवते आहे, आपला हात कच्चा होता असं समजून. त्यामुळे हे दोन पानांत मावणार नाही. मावलं असतं तरी मी मावू दिलं नसतं. तुझ्या बाबतीत मी पुष्कळ गोष्टी पुष्कळ दिवस मावू दिल्या.

तू मला उंदीर धरायला शिकवलंस, तिथून सुरू करते. मी पुस्तकांतून उठून आलेली मुलगी. पहिल्या दिवशी चिमट्याने शेपूट धरायला गेले. तू चिमटा काढून घेतलास.

"लीले, त्याला तुझी भीती वाटते. आता तूही घाबरलीस तर दोघंही घाबरलेले. मग कुणी कुणाला चावायचं एवढंच ठरायचं राहतं."

तू तळहात त्याच्या पाठीवर ठेवलास, दोन बोटं मानेच्या दोन बाजूंना, आणि तो पांढरा जीव तुझ्या हातात गप्प बसला. "प्रयोगाच्या आधी आठ दिवस रोज प्रत्येकाला असं हातात घ्यायचं," तू म्हणालीस. "नाहीतर तू औषध मोजते आहेस असं तुला वाटेल आणि मोजत असशील भीती." हे वाक्य मी नंतर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत आले. इतकं चांगलं वाक्य बोलणाऱ्या बाईने ते स्वतः एकदा ऐकायला हवं होतं.

प्रयोगाची कल्पना तुझी होती आणि ती चांगली होती, हे कबूल. भूक मारणारं एक औषध तेव्हा वजन उतरवण्यासाठी दिलं जाई. तू म्हणालीस, याचे सगळे डोस पोटभर खाणाऱ्या देशांतल्या उंदरांवर ठरलेत. आपल्यासारखं निकृष्ट खाणाऱ्याला त्याचा पाव डोसही पुरेल, कदाचित भारीच पडेल. म्हणून सगळ्या उंदरांना मक्याचा भरडा, त्यात प्रथिनं नावापुरती. अर्ध्यांना औषधाचं इंजेक्शन, अर्ध्यांना नुसत्या मिठाच्या पाण्याचं. रोज किती खाल्लं ते मोजायचं आणि कसे वागतात ते लिहून ठेवायचं. पिंजऱ्याखाली कागद अंथरायचा, त्यावर सांडलेल्या भरड्यातून लेंड्या चिमट्याने वेचायच्या, भरडा वाळवून त्याचं वजन करायचं आणि ते खाल्ल्यातून वजा करायचं. वेचायचं काम माझ्याकडे होतं. माझ्याइतक्या प्रामाणिकपणे लेंड्या वेचणारी बाई तुला गावात मिळाली नसती, आणि ते तुला ठाऊक होतं.

परीक्षा संपल्यावर तुला वेळ होता, म्हणून प्रयोग मे महिन्यात सुरू झाला. प्राणिगृह म्हणजे मागच्या अंगणातली टिनाच्या छपराची खोली. खिडकीत एक कूलर, वाळ्याच्या ताट्या लावलेला. पिंजऱ्यांच्या लोखंडी मांडण्या दोन. मिठाच्या पाण्याच्या उंदरांची मांडणी कूलरसमोर होती. औषधाच्या उंदरांची तू पश्चिमेच्या भिंतीशी नेऊन ठेवलीस. हे आळसाने झालं नाही. औषधाने उंदीर बिचकतात, कूलरच्या घरघरीने त्यांचं वागणं बिघडेल, त्यांना शांत कोपरा हवा, असा तू नीट विचार केलास. दुपारी उन्हाने तापलेल्या त्या भिंतीवर हात टेकवत नसे. तो विचार केला नाहीस. पहिल्या दिवशी ती चूक होती, आणि नुसत्या चुकीसाठी मी तुला आज नावं ठेवली नसती.

चौथ्या-पाचव्या दिवशी दौलतराव बोलले. दौलतराव आपले अटेंडंट. पिंजरे धुणं, भरडा दळून आणणं, कूलरमध्ये बादल्यांनी पाणी ओतणं त्यांच्याकडे.

"बाई, हे इकडचे गरमीनं नाही खाऊन राह्यले जी."

"त्यांना औषध दिलंय, दौलतराव. भूक कमी व्हायचं."

"औषध असंन. पण मले बी या दिवसांत भाकर नाही जात. मले कोनं सुई देली?"

तू हसलीस. मीही हसले.

"आन् हे पाहा ना, कसे पडले पोट टेकवून. कुत्रं नाही का पडत नळाजवळच्या चिखलात?"

"ती औषधाची सुस्ती."

"आन् अंग चाटून राह्यले ते?"

"तेही औषधानेच. लिही लीला, सतत अंग चाटणे."

मी लिहिलं. निबंधात ते 'वर्तनातील बदल' या मथळ्याखाली आहे. उंदराला घाम येत नाही. उकाड्यात तो थुंकीने अंग ओलं करतो आणि गार जागी पोट टेकवतो. हे मी पंधरा दिवसांनी वाचनालयातल्या एका जाडजूड पुस्तकात वाचलं. दौलतराव काही फार शहाणे गृहस्थ नव्हते. पौर्णिमेला उंदीर जास्त चावतात असं ते म्हणायचे आणि आजारी उंदरावर गुपचूप हळद टाकून त्यांनी आपल्या नोंदी दोनदा बिघडवल्या होत्या. पण डोळ्यांना दिसतं ते नाकारण्याइतकं शिक्षण त्यांचं झालेलं नव्हतं.

जूनच्या सुरुवातीला तू परिषदेसाठी दिल्लीला गेलीस. पावसाचा पत्ता नव्हता, उकाडा तसाच होता. मी आणि दौलतरावांनी दोन्ही मांडण्यांची जागा बदलली. बाकी काही बदललं नाही. तोच भरडा, तीच सुई, तोच डोस, इंजेक्शनची वेळही तीच. पाच दिवस. तिसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्याचे उंदीर पश्चिमेच्या भिंतीशी पोट टेकवून पडले आणि अंग चाटू लागले. औषधाचे उंदीर कूलरसमोर बसून भरड्याची वाटी रिकामी करू लागले.

"आता यायले कोनं औषध देलं?" दौलतरावांनी विचारलं. ते मजेत होते. मी नव्हते.

तू आलीस ती स्टेशनवरून थेट प्राणिगृहात. रजिस्टर उभ्यानेच वाचलंस. पाचही पानं वाचलीस, शेवटपर्यंत, हे मी पाहिलं आहे. मग टेबलावरची लाल पेन्सिल उचललीस, प्रत्येक पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढलीस आणि शेवटच्या पानाखाली लिहिलंस: 'मांडणी हलवल्यामुळे रद्द.'

"कुणाला विचारून हलवलंस?"

"बघायचं होतं."

"बघायचं होतं! लीले, प्रयोग चालू असताना जागा बदलत नाहीत, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं."

"पण जागेनेच जर..."

"जागेनं काय? बोल ना. काहून गप्प झाली आता?" रागावलीस की तुझ्या तोंडी महाल या जुन्या वस्तीतलं लहानपण यायचं.

तुझा नियम बरोबर होता. लबाडी करताना तू नेहमी बरोबर नियम वापरायचीस; त्यासाठी लागणारी हुशारी तुझ्याकडे भरपूर होती. एखाद्या बिनडोक माणसाने ती पानं फाडली असती. तू ती जागेवर ठेवलीस आणि रद्द केलीस.

तुला कळलंच नव्हतं असं मानता आलं असतं तर मी तुला मूर्ख म्हणून कधीच माफ केलं असतं. पण त्याच हिवाळ्यात माझे वडील जेवेनासे झाले. डॉक्टरांनी भूक लागायचं औषध दिलं. त्याने झोप तेवढी वाढली. तू कॉलेज सुटल्यावर सायकलने आमच्याकडे धंतोलीला आलीस, बाटलीवरचं नाव वाचलंस आणि बाटली खिडकीत ठेवून दिलीस.

"अण्णा जेवतात कुठे?"

आतल्या खोलीत, खाटेवर, एकटे. मी ताट नेऊन ठेवत असे.

"त्यांना स्वयंपाकघरात आण. फोडणीचा वास जाऊ दे नाकात. आणि तू समोर ताट घेऊन बस. एकटा जीव खात नाही वं."

त्या संध्याकाळी अण्णांनी अर्धी भाकरी आणि पिठलं खाल्लं. पुढे दोन महिने तू जवळजवळ रोज आलीस. त्यांच्या शेजारी पाट मांडून जेवलीस, प्राचार्यांची चाल करून दाखवलीस, आणि अण्णा, जे माझ्याशी चार शब्द बोलत नसत, ते घास हातात धरून हसले. ते गेले तेव्हा उपाशी गेले नाहीत. हे तू केलंस. माझ्यासाठी एवढं दुसऱ्या कुणी केलं नाही, आणि मला ते विसरता येत नाही. विसरता आलं असतं तर तुला तुच्छ लेखणं फार सोपं गेलं असतं.

म्हणजे तुला माहीत होतं. औषध तसंच ठेवून जागा बदलली की भूक बदलते, हे तू माझ्या घरात, माझ्या बापावर करून दाखवलंस. आणि त्याच दिवसांत टाइप होऊन आलेला निबंध तू पिशवीतून आमच्याकडे घेऊन आलीस. अण्णांचं जेवण झालं होतं. तू कागद माझ्यापुढे सरकवलेस, माझं नाव कुठे आहे ते बोटाने दाखवलंस. मी सही केली. उपकाराखाली केली. एवढं वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

निबंध गाजला. गरीब देशाचं स्वतःचं विज्ञान, असं लोक म्हणाले. मुंबईला शाल मिळाली, दिल्लीला समितीवर घेतलं. तुझ्या टेबलाच्या काचेखाली त्याचं पहिलं पान आलं. बाकीची पानं कुणी मागितली तर शिपायाला शोधावी लागायची. "माझ्या उंदरांनी मला शिकवलं," असं तू प्रत्येक भाषणात म्हणायचीस. उंदरांनी प्रयत्न केला होता, कुमुद. तुझ्या हातात लाल पेन्सिल होती.

मग शोभा आली. खाप्याची मुलगी, कोष्ट्यांच्या घरातली, शिष्यवृत्तीवर शिकलेली. तोवर नवी इमारत झाली होती, पक्क्या छताची, आणि प्राणिगृह तळमजल्यावर गेलं होतं. तू तिला तोच प्रयोग पुढे न्यायला दिलास. तिने दिवाळीनंतर सुरुवात केली.

"मॅडम, हे तर खाऊन राह्यले," ती आठवड्याने तुला सांगायला आली.

"डोस बरोबर होता?"

"हो जी."

"मग सुई नीट गेली नसेल. हात कच्चा आहे तुझा."

ती घरून आंबट संत्री आणायची आणि सुट्टीत बसून त्यांत सुया टोचायची, हात बसावा म्हणून. पुन्हा केलं. उंदीर खात राहिले. तिसऱ्यांदा केलं, आणखी एका हिवाळ्यात. उंदीर खात राहिले. तिला एक वाक्य सांगितलं असतं तर पुरलं असतं: मे महिना येऊ दे आणि जुन्या टिनाच्या खोलीत जा. ते वाक्य मला पाठ होतं.

तिच्या अहवालावर तू लिहिलंस, 'कामात काटेकोरपणाचा अभाव.' लेंड्या वेचताना भरड्याचा कण न सोडणारी माझ्याखेरीज मी एकच मुलगी पाहिली, ती ही. शिष्यवृत्ती पुढे मिळाली नाही. जायच्या दिवशी ती किल्ल्या द्यायला माझ्याकडे आली. "मॅडम, माझं नेमकं काय चुकलं असंन?" तिने विचारलं. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. पुढच्या वेळी तसं करू नये म्हणून. मी म्हणाले, "होतं असं कधीकधी."

त्या दुपारी मी तुझ्या खोलीत आले. तुला आठवत असेल. नसेलही, तुझी स्मरणशक्ती सोयीची होती.

"तिला सांग," मी म्हणाले.

"काय सांगू?"

"कूलर."

हा शब्द आपल्या दोघींत तेव्हा पहिल्यांदा उच्चारला गेला. तू दार लावलंस.

"लीले, निबंधावर नावं दोन आहेत. मी बुडाले की तू काठावर बसून पुस्तक वाचणार आहेस का?"

तू डबा उघडलास. "घे, वांग्याची भाजी आहे," म्हणालीस. मी घेतली. आपलं भांडण तिथेच थांबलं ते थांबलं. नऊ वर्षं आपण शेजारी बसून डबे खाल्ले आणि त्यावर एक शब्द बोललो नाही. लोक म्हणायचे, अशी मैत्री बघायला मिळत नाही.

शेवटच्या पंधरवड्यात दवाखान्यात तूच खाईनाशी झालीस. मी माझा डबा घेऊन तुझ्यासमोर बसायची, तूच शिकवलं होतंस तसं. वरणभाताचे दोन घास जायचे. एका दुपारी तू विचारलंस,

"ते रजिस्टर कुठे आहे?"

"माझ्याकडे."

"बरं."

मी थांबले. तू खिडकीचा पडदा ओढायला सांगितलास, ऊन येत होतं म्हणून. एवढंच. या 'बरं'चा मी पुष्कळ दिवस विचार केला. जाळून टाक? की दाखव कुणाला? मग विचार सोडून दिला. जाळलं असतं तर तू सुटली असतीस. दाखवलं तर शेवटी कुमुदताईंनीच सांगितलं म्हणून सुटली असतीस. मरताना उच्चारलेल्या एका शब्दातही तू स्वतःला दोन दारं ठेवलीस. माफी मागायला तुला एकच दार लागलं असतं.

गेल्या गुरुवारी मी रजिस्टर घेऊन एसटीने खाप्याला गेले. मधली सुट्टी होती. शोभाला आता चष्मा लागला आहे.

"मॅडम! तुम्ही इकडे कशा काय जी?" तिने खुर्ची पुसून दिली. तुझं पेपरात वाचलं म्हणाली. वाईट वाटलं म्हणाली. खरंच वाटलं होतं तिला.

शिक्षकांच्या खोलीत मी तिच्यापुढे ती पाच पानं उघडली. तिने आकड्यांखाली बोट धरून वाचलं, ती पूर्वी वाचायची तसंच. लाल रेघेपाशी थांबली. खालची ओळ वाचली. मग पुन्हा पहिल्या पानावर जाऊन तारीख पाहिली.

"हे तर मी यायच्या चार वर्सं आधीचं हाये."

"हो."

"म्हणजे माझे उंदीर बरोबर खाऊन राह्यले होते."

"हो."

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेर पोरं ओरडत होती.

"कुमुद मॅडमचं समजते मले," ती म्हणाली. "त्यायचं नाव होतं मोठं. पण मी तुमाले इचारलं होतं ना मॅडम, किल्ल्या देल्या त्या दिवशी. तुमी काहून नाही सांगतलं?"

मी अण्णांचं सांगायला तोंड उघडलं. पहिलं वाक्य जुळवलंही होतं. तिच्याकडे पाहिलं आणि ते बोलवेना. तिने अण्णांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या भाकरीची किंमत तिने का भरावी?

घंटा झाली. तिने चष्मा लावला, रजिस्टर उचललं. "हे राहू द्या माझ्यापाशी," म्हणाली आणि वर्गावर गेली. मी तास संपेपर्यंत थांबले नाही.

हा लेख मी स्मरणिकेला पाठवते आहे. निबंध छापायचाच असेल तर ती पाच पानं त्याच्या लगेच मागे छापावीत, लाल रेघेसकट. ती आता शोभाकडे आहेत. विभागाने खाप्याला जाऊन तिच्याकडून मागून आणावीत. देणं न देणं तिच्या मर्जीवर आहे. माझं नाव निबंधावरून काढू नये.

माझं भांडण तुझ्याशी होतं, कुमुद, ते मंगळवारी संपलं. शोभाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं आहे. ते मला द्यायचं आहे.